रोलर फिरतो, पण त्याच्या पिनेला तेल कोण घालतं?

थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात कॅम आणि फॉलोअरचा प्रश्न हमखास येतो. नाइफ एज, फ्लॅट फेस, रोलर असे फॉलोअर आपण टोकदार पेन्सिलने काढतो, डिस्प्लेसमेंट डायग्राम जुळवतो आणि मार्क खिशात टाकतो. रोलर फॉलोअरपुढे पुस्तकात एक ओळ असते : यात घर्षण व झीज कमी. बस्स! हा रोलर स्वतः कशावर फिरतो, त्याला वंगण कुठून मिळतं, आणि नाही मिळालं तर काय होतं, याबद्दल पुस्तक गप्प. आता हा प्रश्न पेपरात आला नाही तरी काही बिघडत नाही. पण आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये ज्या सेकंडहँड बुलेट उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या पोटात हाच प्रश्न रोज फिरतोय. त्यातही आपण राहतो रायगडच्या किनारपट्टीवर. इथली हवा लोखंडाची मित्र नाही, हे मेसच्या खिडकीचे गज बघूनही कळतं. म्हणून हा लेख. मेकॅनिकलवाल्यांना थोडी उजळणी होईल, आणि बाकी ब्रँचच्या मित्रांनी, स्टाफमधल्या मंडळींनी न घाबरता वाचावं. गणित फारसं नाही.

लिफ्टर म्हणजे नेमकं काय?

इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह असतात. एक हवा-पेट्रोल आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. हे व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद राहतात आणि कॅम त्यांना उघडतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात कॅम खाली, क्रँकच्या शेजारी असतो. मग खालच्या कॅमची हालचाल वरच्या व्हॉल्व्हपर्यंत न्यायची कशी? कॅमवर एक छोटा दट्ट्या बसवतात, त्यावर पुशरॉड नावाची लांब काठी, त्यावर सी-सॉसारखा रॉकर, आणि रॉकरच्या दुसऱ्या टोकाखाली व्हॉल्व्ह. कॅमवर बसलेला हा दट्ट्या म्हणजेच लिफ्टर. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला टॅपेट म्हणतात.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवते? कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात बनणारी, १०८९ सीसीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. तिचं इंजिन याच पुशरॉड पद्धतीचं होतं. आपल्या बंदरांवरच्या मासेमारी बोटींमध्ये धडधडणारी बहुतेक डिझेल इंजिनंही याच जातीची. आणि बुलेट तर पुशरॉडचीच म्हणून ओळखली जायची. २०२० साली मिटिऑरबरोबर आलेल्या ३४९ सीसीच्या इंजिनात कॅम वर डोक्यात गेला आणि तिथून हळूहळू पुशरॉडला निरोप मिळाला. पण त्याआधीची, २००८ पासून आलेली यूसीई इंजिनवाली बुलेट, क्लासिक आणि थंडरबर्ड अजून रस्त्यावर भरपूर आहेत. किंमत आवाक्यात आल्यामुळे होस्टेलमध्ये त्याच जास्त दिसतात. या इंजिनात कॅमवर रोलर चालतो आणि टॅपेट हायड्रॉलिक आहे. म्हणजे आपला विषय अगदी दारात उभा आहे!

सपाट टॅपेटची युक्ती

आधी रोलर नसलेला, सपाट तळाचा टॅपेट समजून घेऊ. त्याच्या तळावर कॅम घासत जातो. चकतीवर चकती घासली तर झीज व्हायलाच हवी. पण जुन्या इंजिनीअरांनी इथे एक झकास युक्ती केली. टॅपेटचा तळ दिसायला सपाट, पण प्रत्यक्षात किंचित फुगीर ठेवला, आणि कॅमच्या माथ्याला अगदी बारीक उतार दिला. त्यामुळे कॅम तळाच्या मध्यभागी न लागता थोडा बाजूला लागतो आणि टॅपेट स्वतःभोवती हळूहळू फिरत राहतो. झीज एका जागी न होता सगळ्या तळावर वाटली जाते.

वंगणाचं म्हणाल, तर दोन पृष्ठभाग घासताना मध्ये तेलाचा पातळ थर राहतो. जिथे थर तुटतो तिथे झेडडीडीपी हे रसायन धावून येतं. पूर्ण नाव झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, हे व्हायव्हात सांगायला छान आहे. १९४० च्या दशकापासून ते इंजिन ऑईलमध्ये वापरतात. दाबाखाली आणि उष्णतेत ते लोखंडावर एक संरक्षक थर चढवतं आणि धातूला धातू चिकटू देत नाही. पुढे लक्षात आलं की त्यातला फॉस्फरस धुरावाटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. म्हणून २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून कारच्या पातळ ग्रेडच्या ऑईलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर मर्यादित झाला. त्यानंतर अमेरिकेत जुनी इंजिनं नव्याने बांधणाऱ्यांचे सपाट टॅपेटवाले नवे कॅम पहिल्या अर्ध्या तासातच खरवडले जाऊ लागल्याच्या तक्रारी वाढल्या. मग काय, "रोलर टाका, झिंकची कटकटच नको" असा सल्ला सगळीकडे मिळू लागला.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कसा, ते बघू.

ओंडका आणि रहाट

पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढताना पाहिल्या असतील. वाळूवरून नुसती होडी ओढली तर पंचवीस माणसं लागतील. खाली लाकडी ओंडके टाकले की निम्म्या माणसांत काम होतं. सरकण्याचं फिरणं झालं, घर्षण कमी झालं. पण एक गोष्ट बघा. होडी पुढे गेली की मागचा ओंडका मोकळा होतो आणि कुणीतरी तो उचलून पळत पुढे नेऊन टाकतो. ओंडका कशालाच बांधलेला नसतो, म्हणून त्याला वंगण लागत नाही.

इंजिनात असा पळणारा माणूस ठेवता येत नाही. रोलर एकाच जागी राहायला हवा, म्हणून त्याच्या मधोमध पिन घालून तो लिफ्टरच्या तळाशी अडकवतात. आणि पिन आली की गोष्ट ओंडक्याची राहत नाही, रहाटाची होते. अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना पूर्वी रहाटाने पाणी काढत. रहाटाचं चाक फिरतं खरं, पण त्याचा कणा ज्या खाचेत बसतो तिथे तो घासतच असतो. तेल घातलं नाही की कुरकुर सुरू. रोलर लिफ्टरचंही हेच. कॅम आणि रोलर यांच्यामधलं घासणं गेलं, पण ते पूर्णपणे नाहीसं झालं नाही. ते रोलरच्या पोटात, पिनेवर जाऊन बसलं.

आता यावरही उपाय आहे. पिनेभोवती नीडल बेअरिंग, म्हणजे बारीक सुयांसारख्या पोलादी कांड्या बसवतात. पुन्हा सरकण्याचं फिरणं! आमच्या आयसी इंजिन लॅबमध्ये मधोमध कापलेला एक लिफ्टर ठेवला आहे, जरूर बघा. रोलर साधारण १९ मिलिमीटर व्यासाचा, आपल्या बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्याच्या आतल्या कांड्या पेन्सिलच्या शिशाएवढ्या जाडीच्या. माझ्या मते तो कापलेला लिफ्टर हीच या विषयाची खरी टेक्स्टबुक आहे. कारण तो हातात घेतला की पहिला प्रश्न हाच पडतो : अरे, इथे तेल जातं कुठून?

रेसच्या इंजिनात काय होतं

रोलर लिफ्टर गाजला तो अमेरिकन व्ही-एट इंजिनांमुळे. रेसवाले तो आधीपासून वापरतच होते. रोजच्या गाड्यांत फोर्डने ५.० लिटर मस्टँगमध्ये १९८५ साली आणि शेव्हरोलेने आपल्या स्मॉल ब्लॉकमध्ये १९८७ साली तो आणला. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेलं एलएस-१ इंजिन तर जन्मापासून रोलरचंच.

रेसवाल्यांना त्यात नुसतं कमी घर्षण दिसलं नाही. सपाट टॅपेटला भूमितीची एक मर्यादा असते. कॅम टॅपेटला जितक्या वेगाने उचलतो, तितका स्पर्शबिंदू मध्यापासून दूर जातो. फार वेगाने उचललं तर तो तळाच्या कडेवर जातो आणि कड कॅमला खरवडते. २१.४ मिलिमीटर व्यासाच्या टॅपेटची त्रिज्या १०.७. म्हणजे कॅमच्या एका रेडियनला १०.७ मिलिमीटर, किंवा एका अंशाला सुमारे ०.१९ मिलिमीटर, यापेक्षा वेगाने तो उचलताच येत नाही. रोलरला ही अट नाही. व्हॉल्व्ह झटकन उघडा, जास्त वेळ उघडा ठेवा, झटकन बंद करा. हवा जास्त, पॉवर जास्त.

पण झटकन बंद होणाऱ्या व्हॉल्व्हला रोलर कॅमवरून उडू नये म्हणून कडक स्प्रिंग लागते. रेसच्या इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगचा जोर ३०० किलोच्या वर जाऊ शकतो. रॉकरचं गुणोत्तर साधारण १.६ असल्याने रोलरवर येतात ५०० किलो. म्हणजे एक चांगला पोसलेला बैल पेन्सिलच्या चार-पाच शिशांवर उभा! चार-पाच म्हणायचं कारण, सगळ्या कांड्यांपैकी भार एका वेळी एकाच बाजूच्या मोजक्या कांड्या उचलतात.

आता वेग बघा. क्रँक ६००० आरपीएम, तर कॅम ३०००. कॅमच्या गोल भागाचा व्यास ३६ आणि रोलरचा १९ धरला, तर रोलर फिरतो सुमारे ५७०० आरपीएमने, जवळपास क्रँकच्याच वेगाने. वर कॅमचा उंचवटा आला की पृष्ठभागाचा वेग वाढतो, उतरला की कमी होतो. रोलरला प्रत्येक फेरीत पळावं आणि थांबावं लागतं. तो मागे पडला की कॅमवर घसरतो, आणि इथे घसरणं म्हणजे झीज. यातच सॉलिड रोलर असेल आणि टॅपेटचं क्लिअरन्स जास्त ठेवलं असेल, तर कॅमच्या प्रत्येक फेरीत रोलर आधी सुटतो आणि मग उंचवटा येऊन त्याला थापड मारतो. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० थापडा. या ठोक्यांनी कांड्यांवर आणि पिनेवर आधी बारीक खड्डे पडतात, मग टवके निघतात. म्हणूनच रेसच्या टीम लिफ्टर ठरावीक वापरानंतर काढून तपासतात आणि बदलतात. त्यांच्या दृष्टीने तो ब्रेक पॅडसारखाच झिजणारा माल आहे.

तेल पोचतं कसं?

गंमत अशी, की बहुतेक इंजिनांत क्रँकच्या बेअरिंगला पंपाच्या दाबाचं ऑईल मिळतं, पण कॅमच्या माथ्याला आणि रोलरला मिळतात ते शिंतोडे. क्रँक गरागरा फिरताना जे ऑईल भिरकावतो, आणि वरून रॉकरकडून जे ओघळत खाली येतं, त्यावर रोलरची तहान भागते. आपल्याकडच्या बाजा स्पर्धेत, जी २००७ पासून भरते, बरीच वर्षं वापरलं गेलेलं १० एचपीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन तर पूर्णपणे शिंतोड्यांवरच चालतं. टीममध्ये असलेल्यांना माहीत असेल.

शिंतोड्यांचा नियम सोपा : वेग जास्त तर शिंतोडे जास्त. त्यामुळे इंजिन ३००० आरपीएमला असताना रोलर न्हाऊन निघतो, आणि आयडलिंगला जेमतेम ओला राहतो. गाडी स्टँडवर लावून वीस मिनिटं 'गरम' करत ठेवण्याची आपल्याकडे जी फॅशन आहे, ती इंजिनाची काळजी वाटते खरी, पण रोलरच्या दृष्टीने तो उपवासच.

म्हणून चांगल्या रेस लिफ्टरमध्ये पिनेपर्यंत बारीक छिद्र पाडून दाबाचं ऑईल थेट नेतात. काही बनवणाऱ्यांनी तर कांड्याच काढून टाकल्या आणि साधा बुश बसवला. कांडीचा स्पर्श एका रेषेवर, बुशचा संपूर्ण पृष्ठभागावर. त्यामुळे ठोके तो जास्त सोसतो, पण तेलाचा थर सतत हवा. ही कल्पना नवीन नाही. पुण्याला कोथरूडमध्ये १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. तिच्या एन मालिकेतल्या १४ लिटरच्या डिझेल इंजिनात कॅमवर रोलरच चालतात, आणि त्यांना व्हॉल्व्हबरोबर इंजेक्टरचाही जबरदस्त जोर सोसावा लागतो. तिथे फॉलोअरच्या शाफ्टलाच दाबाचं ऑईल दिलेलं आहे. रोलर टिकाऊ की नाही, याचं उत्तर असं तेलाच्या वाटेवर अवलंबून आहे.

आपल्या किनाऱ्याचा हिशोब

आता म्हणाल, आपण कुठे रेस लावतोय? बरोबर. पण आपल्या गाड्यांचे रोलर वेगळ्याच कारणाने जातात, आणि ते कारण म्हणजे पाणी.

पहिलं पाणी पेट्रोलमधलं. विश्वास बसणार नाही, पण एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. ऑक्टेनचं समीकरण मांडून बघा : ११४ ग्रॅम इंधनामागे १६२ ग्रॅम पाणी. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टन रिंगांमधून झिरपून खाली क्रँककेसमध्ये उतरते. गाडी चांगली तापली की ती वाफ ब्रीदरवाटे निघून जाते. पण आपला प्रवास किती? होस्टेल ते टपरी, टपरी ते एसटी स्टँड, तिथून झेरॉक्सचं दुकान. दोन किलोमीटरमध्ये ऑईल तापतच नाही. वाफ थंड होते, पाणी ऑईलमध्ये मिसळतं, आणि फिलरच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसते. ती मलई म्हणजे वंगण आणि पाण्याचं मिश्रण.

दुसरं पाणी हवेतलं. दिवसा इंजिन तापतं, रात्री थंड होतं आणि ब्रीदरवाटे दमट, खारट हवा आत ओढतं. सुट्टीत दोन महिने गाडी उभी राहिली, की रोलरवरचं ऑईल ओघळून जातं. व्हॉल्व्ह उघडा असलेल्या अवस्थेत इंजिन थांबलं असेल तर स्प्रिंगचा पूर्ण जोर त्याच चार कांड्यांवर, त्याच रेषांवर दोन महिने बसून राहतो. नेमका तिथेच गंज धरतो. बाहेरून काही दिसत नाही. मग सुट्टीहून आल्यावर पहिली किक मारली की त्या गंजाच्या रेषांवरून कांड्या फिरायला लागतात. बेअरिंगच्या पोलादाला अगदी थोडं पाणीही चालत नाही, त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं.

तिसरं पाणी पुराचं. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, या दोन तारखा महाडच्या माणसाला सांगायला लागत नाहीत. त्या पुरात किती गाड्या बुडाल्या, ते आपल्यातल्या कित्येकांनी घरी पाहिलंय. बुडालेली गाडी 'बघू सुरू होते का' म्हणून स्टार्टर मारून बघणं हा रोलरसाठी सर्वांत वाईट क्षण. आत गाळ आणि पाणी असताना पहिल्या शंभर फेऱ्यांतच कांड्या ओरखडल्या जातात. आधी ऑईल काढा, फिल्टर बदला, नवं ऑईल घालून ते पुन्हा काढा, आणि मगच सुरू करण्याचा विचार करा.

या बाबतीत आपले कोळी बांधव आपल्यापेक्षा शहाणे आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे बोटीचं इंजिनही दोन महिने उभं. एका नाखव्यांना मी विचारलं, "नाखवा, ऑईल समुद्रात जायच्या आधी बदलता ना?" ते म्हणाले, "आधी कशाला? बोट वर घेतली की लगेच बदलायचं. घाणेरडं तेल पोटात ठेवून इंजिन झोपवायचं नसतं." यात पूर्ण केमिस्ट्री आहे! वापरलेल्या ऑईलमध्ये पाणी आणि आम्ल असतं. ते तसंच ठेवून गाडी उभी केली तर दोन महिने गंजाचं कामच चालू राहतं. आपण मात्र सुट्टीहून आल्यावर सर्व्हिसिंग करतो.

आवाज काय सांगतो?

परवा वर्कशॉपमध्ये एक ज्युनिअर आला. "मामा, टॅपेटचा आवाज येतोय, जरा घट्ट करून द्या ना."

मामा हसले. "अरे, हायड्रॉलिक आहे तो. घट्ट काय करू? आधी ऑईल दाखव."

ऑईल मिनिमम खुणेच्या खाली होतं, आणि काळं कुळकुळीत. मामांचं बरोबरच आहे. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये एक दट्ट्या आणि चेक व्हॉल्व्ह असतो. आत भरलेलं ऑईल क्लिअरन्स आपोआप भरून काढतं. दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यात अंतर फक्त काही मायक्रॉन. रात्रभरात ऑईल पाझरलं तर सकाळी चार-सहा सेकंद टकटक होते आणि थांबते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑईल कमी झालं, त्यात हवा मिसळली किंवा कचरा अडकला तर टकटक लांबते. तिथे ऑईल बघायचं.

पण इंजिन पूर्ण तापल्यावरही आवाज राहतो, आरपीएमबरोबर वाढतो, आणि हातोडीसारखा कोरडा येतो, तेव्हा मात्र गाडी चालवायची नाही. सपाट टॅपेट हळूहळू झिजतो, महिनोन्‌महिने कुरकुर करत सूचना देतो. रोलर तसा नाही. कांडी तुटली की रोलर अडकतो, अडकलेला रोलर कॅम तासायला लागतो, आणि निघालेला पोलादी चुरा ऑईलबरोबर पंपात आणि तिथून बिग एंडपर्यंत जातो. ताम्हिणी घाटात उतारावर इंजिन जाम झालं तर मागचं चाक लॉक होऊ शकतं. मागे बसलेल्या मित्राचा जीव त्या पेन्सिलच्या शिशावर आहे, हे लक्षात असू द्या. खर्चाचा तर विचारच नको. वेळेवर एक लिफ्टर बदलणं आणि कॅम, पंप, क्रँकसकट इंजिन बांधणं यात एका सेमिस्टरच्या मेस बिलाहून मोठा फरक पडतो.

मग करायचं काय?

माझ्या वहीतली यादी देतो. मॅन्युअल, वर्कशॉपचे मामा आणि लायब्ररीतली ट्रायबॉलॉजीची पुस्तकं, तिन्ही मिळून ती तयार झाली आहे.

१) ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. यूसीई बुलेटला १५ डब्ल्यू-५०, आणि डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं. या इंजिनात गिअरबॉक्स आणि क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेले असतात. कारचं घर्षण कमी करणारं ऑईल घातलं तर क्लच घसरतो. 'झिंक वाढवा' म्हणत वेगळी बाटली ओतण्याची रोलरला गरज नाही. त्याला हवं ते स्वच्छ, योग्य जाडीचं आणि कोरडं ऑईल.

२) ऑईल फक्त किलोमीटरवर बदलू नका. छोट्या फेऱ्यांची गाडी कमी चालते, पण तिचं ऑईल लवकर खराब होतं. झाकणाखाली मलई दिसली तर समजून घ्या.

३) सुरू केल्यावर लगेच पीळ नको आणि वीस मिनिटं आयडलिंगही नको. अर्धं-पाऊण मिनिट थांबा आणि शांतपणे निघा.

४) दोन आठवड्यांतून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवा. ऑईल तापू द्या, पाणी उडू द्या. उभ्या गाडीला पाच मिनिटं सुरू करून बंद करणं म्हणजे आत आणखी पाणी भरणं.

५) सुट्टीला जाण्याआधी ऑईल बदला, थोडी फेरी मारा. मग इग्निशन बंद ठेवून किक हळूच दाबत कॉम्प्रेशन लागेल तिथे थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे रोलरवर जोर कमी आणि सिलिंडरमध्ये दमट हवाही जात नाही.

६) जुना फिल्टर फेकण्याआधी कापून, कागद उलगडून उन्हात बघा. चंदेरी चकाकी किंवा सुईसारखा तुकडा दिसला तर इंजिन उघडायची वेळ झाली.

७) प्रोजेक्टसाठी इंजिन बांधत असाल तर रोलर स्वच्छ इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवा, पिनेवर बोटाने फिरवून बघा. जराही खरखर लागली तर तो बाजूला. नीडल बेअरिंगमध्ये जाड पेस्ट कोंबू नका, रोलर फिरण्याऐवजी घसरतो. स्प्रिंग कॅम बनवणाऱ्याने सांगितली तेवढ्याच जोराची घ्या. जास्त कडक घेतली तर कांड्या दबतात, कमी घेतली तर रोलर उडून आपटतो.

पुस्तकातली ती ओळ खोटी नाही. रोलर फॉलोअरमध्ये घर्षण आणि झीज खरंच कमी. मी फक्त त्यापुढे एक ओळ पेन्सिलने लिहून ठेवली आहे : 'पिनेपर्यंत तेल पोचत असेल तर.' पुढच्या वर्षी लायब्ररीतून ते पुस्तक ज्याला मिळेल त्याने ती खोडू नये, ही विनंती. आणि मे महिन्याच्या सुट्टीला निघायच्या आधी, बॅग भरून झाली की, एकदा पार्किंगमध्ये चक्कर मारून ऑईलची काच जरूर बघा. काळं दिसलं तर एसटीची वेळ होईपर्यंत वर्कशॉप उघडं असतं.